ठेका कधी बदलायचा हे कोण ठरवतं? तालवाद्य पुढं असलेल्या संगीताबद्दल

मांजराकाठ (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. यंदा पोळ्याला गावी होतो, लातूर तालुक्यात. तिथं जे बघितलं ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

वेशीजवळ दोघं हलगीवाले आणि एक ढोलवाला चिपाडांचा जाळ करून बसले होते. दुपारी पाऊस येऊन गेलेला, त्यामुळं हलगीचं कातडं दमट झालेलं. म्हातारबांनी टिचकी मारली तर नुसता भद्द आवाज. पुन्हा जाळावर धरली, फिरवली, पुन्हा टिचकी. चौथ्या-पाचव्या वेळेला असा ठणका निघाला की शेजारच्या बैलानं कान टवकारले. मग ते उठले.

आधी चालता ठेका होता. बैलं रांगेत, पोरं कासरे धरून, मानाची जोडी पुढं. जोडी सुटायच्या जरा आधी म्हातारबांनी हात वर केला नाही, कुणाला हाक मारली नाही. डाव्या हातातली बारीक काडी तेवढी भरभर चालायला लागली. ढोलवाल्यानं मान न वळवता त्याच ठोक्यावर ठेका दुप्पट केला, पोरांनी कासरे ढिले सोडले आणि अख्खी वेस हलली. शे-दीडशे माणसं आणि चाळीसेक बैलं त्या एका काडीच्या इशाऱ्यावर निघाली.

मी कॉलेजपासून गिटारवाले बँड ऐकत आलोय. ढोल-ड्रम म्हणजे मागं बसून गाण्याला आधार देणारी वस्तू, हेच डोक्यात बसलेलं. त्या संध्याकाळी वाटलं की आपल्याकडं तर उलटं चालतं आणि आपण त्याला संगीत म्हणून कधी ऐकलंच नाही. पुढं असणं म्हणजे आवाज मोठा असणं, असं मला आता वाटत नाही. ठेका कधी बदलायचा, कधी थांबायचं, नाचणाऱ्याला कधी सोडायचं, हे ज्या वाद्याच्या हातात असतं ते वाद्य पुढं.

तर असं संगीत कुठं कुठं आहे ते जमवूया. मला नीट माहीत असलेलं एक सांगतो. रिओ दि जानेरोच्या कार्निव्हलमध्ये एकेका सांबा शाळेच्या, म्हणजे नाच-गाण्याच्या मोठ्या मंडळाच्या, मिरवणुकीत अडीचशे-तीनशे तालवादकांचं पथक चालतं. त्यात सुर्दो नावाचे मोठे ढोल तीन प्रकारचे असतात. एक प्रश्न टाकतो, दुसरा उत्तर देतो, आणि तिसरा सुर्दो त्या दोघांच्या मधल्या जागा भरतो. वर लहान वाद्यांची तडतड. या सगळ्यांच्या तोंडासमोर एक माणूस शिट्टी घेऊन उलटा चालतो, त्याला मेस्त्रे म्हणतात. आपल्या गवंडीकामातला मिस्त्री त्याच पोर्तुगीज शब्दातून आलाय. त्याच्या एका खुणेसरशी तीनशे वाद्यं गप्प होतात. गाणारे तेवढे गात राहतात, आणि दुसऱ्या खुणेला सगळे नेमक्या जागी परत येतात. ती मधली शांतता ऐकताना मला दर वेळी पोटात खड्डा पडतो.

आता तुमचं सांगा. जगातलं सांगा आणि गावातलंही सांगा.

---

तेरणाकाठची

मांजराकाठ दादा, धागा फार आवडला. मी धाराशिवकडची, म्हणजे संबळाच्या मुलखातली. संबळाशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

ज्यांनी जवळून बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कमरेला बांधायची दोन वाद्यं, एकमेकांना जोडलेली. एकाचा आवाज चढा, दुसऱ्याचा खर्जातला. दोन काड्यांनी वाजवायचं, त्यातल्या एका काडीचं टोक वळवलेलं असतं. त्या वळणामुळं कातड्यावर नुसता ठोका पडत नाही, आवाज घासल्यासारखा, घुमारा घेऊन निघतो. तो घुमारा मशिनीत काढलेला मी अजून ऐकलेला नाही.

आमच्या घरी लग्नानंतर गोंधळ घातला जातो. गोंधळी आधी गावोगावच्या देवांना नावं घेऊन बोलावतात. ही नावं चालू असताना संबळ दबून वाजतो. आख्यान लागलं की तो कधी बोलणाऱ्याच्या वाक्याला ठोक्याचं पूर्णविराम देतो, कधी त्याला पुढं ढकलतो. परभणीच्या राजारामभाऊ कदमांचा गोंधळ ज्यांनी ऐकलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. शब्द आणि संबळ यात कोण कुणामागं चाललंय हे सांगता यायचं नाही.

पण संबळ खरा पुढं असतो तो आराध्यांच्या मेळ्यात. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला लाखानं माणूस लोटतं. तिथं मी लहानपणी आजीचा हात धरून उभी होते. समोर एका बाईच्या अंगात वारं यायला लागलं होतं. संबळवाल्या मामांची नजर तिच्या चेहऱ्यावर नव्हती, पायावर होती. तिचा पाय अडखळला की ते ठेका जरा मोकळा करायचे, पाय धरला की पुन्हा आवळायचे. ती खाली बसेपर्यंत त्यांनी तिला एकटं सोडलं नाही. ती बसल्यावर ठेका एकदम तोडला नाही, हळूहळू उतरवला. आजी म्हणाली, "बघ, कसं सांभाळून उतरवलं तिला." मी ते वाक्य विसरलेले नाही.

---

लयबारी

मूळचा बीडचा, सध्या पुण्यात तबला शिकवतो. तेरणाकाठच्या ताईंनी पायावरच्या नजरेचं लिहिलंय ते वाचून खुर्चीतून उठून दोन मिनिटं फिरून आलो.

याला अगदी जवळचं उदाहरण क्यूबात आहे. आफ्रिकेतल्या योरुबा लोकांना गुलाम करून तिकडं नेलं, त्यांनी आपले देव आणि आपले ढोल मनात जपून नेले. बाता नावाचे तीन दुतोंडी ढोल मांडीवर आडवे घेऊन वाजवतात. सगळ्यात लहान ओकोंकोलो, तो बहुतेक एकच साधा ठेका धरून बसतो. मधला इतोतेले. आणि सगळ्यात मोठ्याचं नाव इया. योरुबात इया म्हणजे आई. इया हाक मारते, इतोतेले उत्तर देतो. देव अंगात येण्याच्या वेळी कुठला ठेका धरायचा, कधी बदलायचा, हे आई ठरवते. एवढ्या दूरच्या मुलखात देवाला बोलावण्याचं काम ढोलाकडं आणि त्या ढोलाचं नाव आई, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या आंबेजोगाईच्या योगेश्वरीचं देऊळ आठवलं होतं.

आता एक गोष्ट जी मला बरीच वर्षं खुणावतेय. पश्चिम आफ्रिकेत आणि बातामध्ये पुढारी बहुधा मोठा, खर्जातला ढोल असतो. लहान वाद्यं ठेका धरतात आणि मोठं वाद्य बोलतं. पण त्याच क्यूबातल्या रुंबा संगीतात हे उलटं झालं. तिथं खालचे दोन ढोल ठेका धरतात आणि सगळ्यात चढा, किंतो नावाचा ढोल नाचणाऱ्याशी बोलतो. (रुंबाला २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली.)

आपलं सगळं दुसऱ्या जातकुळीतलं आहे. हलगी चढी, ती बोलते, ढोल खाली धरून ठेवतो. ढोल-ताशात ताशा चढा, तोच रस्ता दाखवतो. केरळच्या चेंडा नावाच्या ढोलांच्या मेळातही चढ्या बाजूनं वाजवणारे चेंडावाले पुढच्या रांगेत, आणि मागं खर्जाचे चेंडे नि झांजा काळ मोजत उभे. माझा अंदाज असा की उघड्या मैदानात, गर्दीच्या गलक्यात चढा आवाज वेगळा ऐकू येतो, म्हणून हुकूम त्याच्याकडं आला असावा.

चेंड्यावरून आठवलं. त्रिशूरला एकदा पंचारी मेळ उभ्यानं ऐकला. त्याची रचना अशी की पहिल्या टप्प्यात एक आवर्तन ९६ मात्रांचं, मग ४८, मग २४, १२ आणि शेवटी ६. प्रत्येक टप्प्यात आवर्तन निम्मं होतं आणि वेग चढत जातो. पहिला तास असा संथ की शेजारचा माणूस गप्पा मारतोय. शेवटच्या सहा मात्रांत तोच माणूस दोन्ही हात आभाळात फेकत होता. यात गायक नाही, सूर धरायला कोंबू आणि कुळल ही फुंकायची वाद्यं आहेत, पण गोष्ट सांगतो तो चेंडाच.

---

उदगीरचा_बाळू

ढोल-ताशात ढोल पुढं असतो ना? पुण्याच्या मिरवणुकीत तर पन्नास-पन्नास ढोल दिसायलेत.

---

लयबारी

बाळू, ढोल दिसतात जास्त, कारण ते जास्त असतात. पण चाल सुरू करणं, तोड देणं, पुढच्या चालीत नेणं हे ताशावाला करतो. पथकात नवीन पोरगं आलं की त्याला आधी सांगतात, ताशाकडं कान ठेव. पुढच्या वेळी एकदा डोळे मिटून ऐक.

---

उदगीरचा_बाळू

ऐकलं आत्ता एक रेकॉर्डिंग. बरोबर बोललात सर. इतकी वर्षं चुकीच्या वाद्याकडं बघायलो होतो मी.

---

नांदेडी_मुसाफिर

आदाब आणि नमस्कार. मांजराकाठ भाऊ, तुम्ही रिओला जाऊन आलात, आता जरा आमच्या नांदेडच्या गल्लीत या.

आमच्याकडं लग्नात नवरदेवापुढं मरफा वाजतो. मरफा हे वाद्याचंही नाव आणि त्या सगळ्या वाजवण्याचंही. नगाऱ्यासारखं गोल बुडाचं मरफा, त्याच्यासोबत डफ, ढोल आणि लाकडी थापी. गाणं जवळजवळ नसतंच. मधून आरोळ्या उठतात आणि पुढं जवान पोरं तलवारी किंवा काठ्या घेऊन नाचतात.

हे आलं कुठून? निजामाच्या फौजेत आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक होते. त्यांच्या घोडदळाच्या नावावरून हैदराबादेत आजही एसी गार्ड्स (आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्स) नावाचा मोहल्ला आहे. त्यांच्या सोबतीनं येमेनमधून, हद्रमौतकडून आलेले अरब. त्यांना आपल्याकडं चाऊस म्हणतात आणि मराठवाड्यात ते घरोघरी माहीत आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण सगळे हैदराबाद संस्थानातच होतो. त्यामुळं आफ्रिकेचा ठेका आपल्या मातीत यायला कुठली रेकॉर्ड विकत घ्यावी लागली नाही, तो फौजेसोबत चालत आला.

लहानपणी माझं काम थापी धरण्याचं होतं. सोपं वाटतं, पण नाही. मरफावाले चाचा काहीही करोत, थापी आपल्या जागेवरून हलता कामा नये. एकदा मी त्यांच्या मागं वाहवत गेलो तर त्यांनी वाजवणं न थांबवता नुसतं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेनं जे शिकवलं ते नंतर कुठल्या क्लासात मिळालं नाही. तुम्ही पुढं असणाऱ्याचं विचारलंत, म्हणून सांगतो, पुढचा मोकळा उडू शकतो कारण मागं कुणीतरी थापी धरून बसलेलं असतं.

---

मांजराकाठ

मुसाफिर भाऊ, हे माहीतच नव्हतं मला. उदगीर, देगलूरकडच्या वरातीत असला ठेका ऐकलाय, पण तो कुठून आला हे कधी विचारलं नाही.

अजून एक विचारतो. ड्रमसेट वाजवणारा एकटा माणूस आख्ख्या बँडच्या पुढं, असं कुठं आहे का? म्हणजे पडदा पडेपर्यंत मागं बसलेला, पण खरं चालवणारा तोच.

---

काळीपांढरी

आहे की. नायजेरियाचा टोनी ॲलन. तिथल्याच गायक फेला कुटीबरोबर १९६४ पासून १९७९ पर्यंत वाजवलं आणि त्यातून आफ्रोबीट नावाचा अख्खा प्रकार उभा राहिला. त्याचे दोन हात आणि दोन पाय जणू चार वेगवेगळी माणसं आहेत, आणि चौघं एकमेकांशी हळू आवाजात बोलतायत. तो जोरात कधी वाजवत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं गाणं, वर ब्रासचा कल्लोळ, फेलाचा संताप, आणि हा खाली शांत. त्याला काढला तर गाणं उरत नाही. २०२० मध्ये पॅरिसमध्ये वारला.

जॅझमध्ये चिक वेब, आर्ट ब्लेकी, मॅक्स रोच हे ड्रमवाले स्वतःच बँडचे मालक. रोचनं तर १९७० मध्ये एम'बूम म्हणून नुसत्या तालवादकांचाच बँड काढला.

पण माझ्या मनातलं खरं उत्तर वॉशिंग्टनचं गो-गो. १९७० च्या दशकात डिस्को आला आणि क्लबवाल्यांनी बँड बंद करून रेकॉर्ड लावणारे ठेवायला सुरुवात केली. रेकॉर्डचा फायदा असा की दोन गाण्यांत खंड पडत नाही, माणसं नाचायची थांबत नाहीत. तिथल्या चक ब्राऊन या गायकानं यावर तोड काढली. गाणं संपलं तरी ठेका संपवायचा नाही. कोंगा, ड्रम, काऊबेल चालूच, त्यावरून तो माणसांशी बोलायचा, समोरच्यांची नावं घ्यायचा, आणि त्याच ठेक्यातून पुढच्या गाण्यात शिरायचा. २०१९ मध्ये तिथल्या एका दुकानाला बाहेर वाजणारं गो-गो बंद करायला लावलं, तर माणसं रस्त्यावर आली. पुढच्याच वर्षी ते शहराचं अधिकृत संगीत ठरलं.

आपल्याकडं डीजेनं हलगीवाल्यांच्या सुपाऱ्या खाल्ल्या असं सगळे म्हणतात. मला गो-गोची गोष्ट म्हणूनच महत्त्वाची वाटते. डीजेला जे जमत नाही ते त्यांनी हेरलं. समोरच्या माणसाचं नाव घेणं आणि त्याच्या दमाप्रमाणं ठेका ओढणं.

---

तेरणाकाठची

काळीपांढरी, ठेका न तोडता नावं घेणं! गोंधळात आम्ही दुसरं काय करतो? देवांची नावं, मग यजमानाचं, मग त्याच्या घरच्यांची. आणि संबळ चालूच.

---

निळी_पहाट

दोन दिवस वाचतेय. सगळ्यांनी मनापासून लिहिलंय म्हणून मलाही मनापासून लिहावंसं वाटलं.

मी मातंग समाजातली, परभणी जिल्ह्यातली. शिक्षिका आहे. माझे आजोबा हलगी वाजवायचे. पोळ्याला, लग्नाला, मयतीला, मरीआईच्या गाड्यापुढं, दवंडीला. मांजराकाठ दादांनी म्हातारबांचं वर्णन केलंय तसेच असतील ते. मी त्यांना वाजवताना बघितलेलं नाही, कारण माझ्या जन्माआधीच आमच्या घरातली हलगी बंद झाली होती.

बंद वडिलांनी केली. ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना आजोबांबरोबर एका गावी लग्नात वाजवायला गेले होते. वरात वाजवत नेली, मांडवात आणली. जेवायच्या वेळी यांना गोठ्याशेजारी बसवलं, आणि पंगती उठल्यावर वरून पत्रावळीत टाकलं. वडील सांगतात, "दिवसभर माझ्या हातावर सगळं गाव नाचलं आणि संध्याकाळी त्या हातात कुणी सरळ भाकरी दिली नाही." घरी आल्यावर त्यांनी हलगी खुंटीला टांगली ती कायमची. पुढं बाबासाहेबांचं वाचलं, शिकले, नोकरी लागली. आजोबांना वाईट वाटलं, पण ते एका शब्दानं बोलले नाहीत.

म्हणून "पुढं असणं" या शब्दापाशी मी अडकले. मिरवणुकीत पुढं आणि पंगतीत मागं, हे आमचं पुढं असणं होतं. ठेका आमच्या हातात होता, पण वाजवायचं की नाही हे ठरवणं आमच्या हातात नव्हतं. ते बलुतं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती.

हलगीचं कौतुक होताना मला आनंदही होतो आणि गळ्याशीही येतं. हे कुणावर राग म्हणून लिहीत नाही. पण या धाग्यात हे नसतं तर तो खोटा झाला असता.

---

मांजराकाठ

ताई, मी पोळ्याचं एवढं लिहिलं, पण वाजवणारे म्हातारबा नंतर कुठं जेवले हे मी बघितलं नाही. तुमचं वाचल्यावर गावी फोन केला आणि विचारलं. घरी जाऊन जेवले म्हणाले. मागल्या वर्षीही घरीच. कुणी बोलावलं का, याचं उत्तर कुणाला देता आलं नाही. पुढच्या पोळ्याला मी गावात असेन.

---

लयबारी

निळी पहाट ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मी जगातल्या तालवाद्यांबद्दल वाचतो तेव्हा हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते आणि आपण ती टाळून पुढं जातो. जपानचे ताईको ढोल आज जगभर गाजतात. १९५१ मध्ये दाइहाची ओगुची नावाच्या जॅझ ड्रमरनं देवळातले वेगवेगळ्या आकाराचे ढोल एकत्र मांडून पथकाची कल्पना उभी केली. साडो बेटावरच्या कोदो पथकानं १९८१ मध्ये बर्लिनला पहिला कार्यक्रम केला आणि ती कल्पना सगळीकडं गेली. पण त्या ढोलावरचं कातडं कमावणारे आणि ढोल बांधणारे लोक म्हणजे बुराकू, जपानमधले पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवलेले. ढोल देवळात, ढोल करणारा वेशीबाहेर. ओसाकाच्या नानिवा भागातल्या अशाच वस्तीतल्या पोरांनी पुढं स्वतःचं पथक काढलं. नाव ठेवलं इकारी, म्हणजे राग. वाजवायचा हक्क त्यांनी स्वतःच्या नावानं घेतला.

तमिळनाडूत पराई आहे, हलगीची सख्खी बहीण म्हणावी अशी. तीही जाळावर शेकतात, तीही दोन काड्यांनी वाजते, आणि तिच्या नावावरूनच एका जातीला हिणवलं गेलं. आज तिथं शिकलेली पोरं-पोरी जाणूनबुजून पराई गळ्यात घालतात. मदुराईचे वेलू आसान यांना २०२५ मध्ये पराईसाठी पद्मश्री मिळाली.

---

पखवाजी_आप्पा

मी वयानं मोठा आहे, म्हणून जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. आमच्या वारकरी भजनात पखवाज पुढं नसतो, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. आंबेजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंना पद्मश्री मिळाली, एकटा पखवाज घेऊन ते मैफल उभी करत. पण तोच पखवाज कीर्तनात बुवांच्या शब्दाची वाट बघतो. अभंगाचा शेवटचा चरण येईपर्यंत हात राखून ठेवायचा आणि मग गजराला सोडायचा. हात राखणं हीसुद्धा विद्या आहे. तुमच्या थापी धरणाऱ्या पोरासारखी.

निळी पहाट बाई, तुमच्या आजोबांसारख्या एका हलगीवाल्याकडून मी तरुणपणी एक तिहाई उचलली होती. आमच्या दिंडीपुढं चालले होते ते. कुणाकडून घेतली असं लोक विचारायचे, तेव्हा मी नाव सांगितलं नाही. आज इथं लिहितो, ती त्यांची होती.

---

निळी_पहाट

आप्पा, हे वाचून वडिलांना दाखवलं. चष्मा काढून बराच वेळ बसले.

एक राहिलेलं सांगते. माझा भाचा अकरावीत आहे. १ ऑगस्टच्या अण्णाभाऊंच्या जयंतीला आमच्या वस्तीतल्या पोरांनी या वर्षी डीजे नको म्हणून ठरवलं. स्वतःच्या मिरवणुकीत, स्वतःच्या माणसासाठी, स्वतःच वाजवायची म्हणून हलगी आणली. भाच्यानं मोबाईलवर बघून बघून हात बसवलेला. वडील म्हणाले होते, मी बघायला येणार नाही.

आदल्या संध्याकाळी पोरं अंगणात सराव करत होती. वडील आत पेपर वाचत होते. तासभर त्यांनी काही हालचाल केली नाही. मग उठून दारात आले आणि म्हणाले, "थांबा रे. तापलीच नाही ती अजून." भाच्याच्या हातातून हलगी घेतली, जाळावर धरून फिरवली, कानाजवळ नेऊन अंगठ्यानं टिचकी मारली, पुन्हा धरली. चाळीस वर्षं झाली असतील त्यांना हात लावून. मग भाच्याचा डावा हात धरून त्यातली काडी दोन बोटं पुढं सरकवली आणि म्हणाले, "मनगट मोकळं ठेव. जोर उजव्यानं, बोलणं डाव्यानं."

---

मांजराकाठ

ताई, तुमची आणि वडिलांची हरकत नसली तर पुढच्या रविवारी मी परभणीला येतो. रेकॉर्डर आणतो. आजोबा कुठल्या प्रसंगाला काय वाजवायचे, त्यातलं वडिलांना जेवढं आठवतंय तेवढं त्यांच्याच आवाजात, त्यांच्या नावानं उतरवून ठेवू. लयबारी सर, तुम्ही आलात तर बोल लिहून घेता येतील.

---

लयबारी

शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघतो.

---

निळी_पहाट

वडील म्हणतायत या. जेवायला आमच्याकडंच. आणि मयतीचा ठेका घरात वाजवणार नाहीत, त्यासाठी नदीकडं जावं लागेल.